तोच खेळ पुन्हा : हरिश्चंद्रापासून तात्या विंचूपर्यंत

२०२४ ची अनंत चतुर्दशी होऊन पाच दिवस झाले होते. 'नवरा माझा नवसाचा २' शुक्रवारी, २० सप्टेंबर २०२४ रोजी लागला होता आणि पहिल्या भागाच्या प्रेमापोटी मी रविवारची तीन तिकिटे काढली : एक माझे, एक तेरा वर्षांच्या मुलीचे आणि एक सत्त्याहत्तर वर्षांच्या अण्णांचे. पहिला भाग २००४ चा. गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, त्यातले प्रवासी आणि अशोक सराफांचा कंडक्टर. दुसऱ्यात एसटीच्या जागी कोकण रेल्वे आली. मी पोटभर हसलो. मुलगी अधूनमधून हसली. अण्णा मध्यंतरानंतर झोपले.

पार्किंगमधून गाडी काढताना मुलगी म्हणाली, "बाबा, तू पहिला पाहिला होतास म्हणून हसत होतास. यात हसण्यासारखं नेमकं काय होतं ते सांग."

मी उत्तराची जुळवाजुळव करीत असताना मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले, "पहिल्यात तरी काय होतं?"

आयुष्यभर महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न सोडून देता येत नाही. चित्रपट चांगला होता की मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो? गाजावाजा होऊन आलेला दुसरा, तिसरा भाग आपण पाहतो तेव्हा पडद्यावरचे पाहतो की स्वतःचे जुने वय पाहतो? चित्रपटांच्या मालिका हा अलीकडचा, अमेरिकेतून आलेला धंदा आहे आणि म्हणून हा प्रश्नही अलीकडचा आहे, असे मी धरून चाललो होतो. शोधायला बसल्यावर तो नाशिकच्याच पहिल्या चित्रपटकर्त्यापाशी जाऊन पोचला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी मुंबईत दादरला राहून तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांना दाखवला. त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात हलवला. 'कारखाना' हा शब्द मुद्दाम वापरतो. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाने त्या शब्दातली गंमत साऱ्यांपर्यंत पोचवली. पण फाळक्यांचे काम खरोखरच कारखान्याचे होते. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळे घरात, घरच्या माणसांच्या हातांनी होई.

गाजावाजाही पहिल्या दिवसापासूनचा. ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, अशी 'हरिश्चंद्रा'ची जाहिरात झाली. चित्रपटाची लांबी साधारण ३,७०० फूट. मैलात ५,२८० फूट असतात. म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. भारतीय चित्रपटाची जाहिरात चित्रपटाइतकीच जुनी आहे, आणि तिची अतिशयोक्तीसुद्धा.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९१७ साली, नाशकात असताना, फाळक्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली : 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र'. आजच्या भाषेत रीमेक, तोही चार वर्षांत आणि त्याच दिग्दर्शकाचा. पी. के. नायर यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारताना फाळके कुटुंबीयांकडून जी रिळे मिळवली, त्यांतली आज आपण 'पहिला भारतीय चित्रपट' म्हणून हळवे होऊन पाहतो ती रिळे १९१३ ची नसून १९१७ ची असावीत, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. शंभर वर्षांचा सोहळा झाला तेव्हा वाहिन्यांवर जी दृश्ये दिवसभर फिरत होती ती हीच. आपण पहिल्यासाठी कातर होतो आणि पाहतो मात्र दुसरा. मुलीच्या प्रश्नात मी अडकलो होतो तेव्हा या एका गोष्टीने मला बराच धीर दिला.

आता १९१७ च्या त्या प्रेक्षकाचा विचार करू. तो दुसऱ्यांदा हरिश्चंद्र पाहत होता का? छे, विसाव्यांदा पाहत होता. कीर्तनात पूर्वरंग संपून बुवा उत्तररंगाला लागले की हरिश्चंद्राचे आख्यान ठरलेले. तारामती, रोहिदास, डोंबाघरचे पाणी, स्मशान. सात वर्षांच्या पोराला आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला पुढे काय होणार ते ठाऊक असे. तरी रोहिदासाला साप डसला की मंडपात पदर डोळ्यांना लागत. फाळक्यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहून आपल्या चित्रपटांची जन्मकथा सांगितली आहे. ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या मनासमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या हलू लागली, असे ते तीत सांगतात. तेव्हा ते चाळिशीचे होते. परक्या देवाचे चित्र पाहून या माणसाला लहानपणी ऐकलेल्या कथा आठवल्या, आणि त्यातून इथला चित्रपटधंदा निघाला. स्मरणरंजनाचा याहून मोठा आर्थिक परिणाम मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी 'लंकादहन' आला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढून ठेवत, ही आठवण पुष्कळांनी सांगितली आहे. त्यानंतर १९१८ मध्ये 'श्रीकृष्णजन्म', १९१९ मध्ये 'कालियामर्दन'. या शेवटच्यात फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. याला मालिका म्हणायचे नाही तर कशाला? तीच पात्रे, तेच जग, दर वर्षी पुढचा भाग आणि प्रेक्षक तोच. नाशिककराला तर हे जग गावातलेच. पंचवटीत सीतागुंफेसमोर रांगेत उभे राहून मोठी झालेली मुले 'लंकादहन' पाहताना आधीचा भाग घरच्या अंगणात पाहून आलेली होती, असे म्हटले तरी चालेल.

माझी आजी या रांगेतली. तिने 'संत तुकाराम' पाहिला तो वणीच्या चैत्रातल्या यात्रेत, तंबूत, जमिनीवर बसून. चित्रपट १९३६ चा, तिने पाहिला त्यानंतर काही वर्षांनी. शेवटी विमान आले तेव्हा शेजारच्या बाईने ओटीतला नारळ पुढे ठेवून नमस्कार केला, हे ती आम्हाला दर दिवाळीत सांगायची. आम्ही हसायचो. आपण स्वतः नमस्कार केला की नाही, हे मात्र तिने कधीच सांगितले नाही.

इथपर्यंत मला वाटले की उत्तर सापडले. जुनी ओळख असली की आनंद होतो, वय वाढेल तशी ओळख वाढते, म्हणून म्हाताऱ्यांना जुन्याचा पुढचा भाग अधिक आवडायला हवा. पण हा हिशेब फाळक्यांच्याच बाबतीत बसत नाही. १९१७ मध्ये दहा वर्षांचे असलेले पोर १९३७ मध्ये तीस वर्षांचे झाले. खिशात स्वतःची कमाई आणि लहानपणीचा फाळके मनात. त्या वर्षी फाळक्यांचा एकमेव बोलपट 'गंगावतरण' कोल्हापूर सिनेटोनने आणला. दिग्दर्शक सदुसष्ट वर्षांचा, कथा पुराणातली, ट्रिक सीन त्यांच्या खास हातचे. स्मरणरंजनाच्या नियमाने ते तिशीचे पोर बायकोमुलांना घेऊन धावायला हवे होते. पण या चित्रपटाने फाळक्यांना पुन्हा उभे केले नाही. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. त्याच सुमारास प्रभातचा 'संत तुकाराम' मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जाऊन आला. आणि हरिश्चंद्र? तो प्रभातनेच १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलता केला होता. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. लोकांना जुनी कथा हवीच होती, पण जुन्या हाताची नको होती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशकात वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक झाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आपली गतकातरता माणूस जिवंत असताना सहसा उपयोगी पडत नाही.

गतकातरता हा शब्द वापरला, तर त्याच्याकडे थोडे वळतो. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेलच्या प्रबंधात घडवला. घरी परतणे आणि वेदना अशा दोन ग्रीक शब्दांची जोडी. त्याच्या लेखी तो रोग होता, परमुलखात राहणाऱ्या तरुणांना गावाच्या ओढीने जडणारा. मराठीत यासाठी दोन शब्द रुळले आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. 'गतकातरता' होफरच्या जवळची, कळ असलेली. 'स्मरणरंजन' मात्र सरळ करमणुकीच्या घरातले. चित्रपटाच्या धंद्याला दुसरा शब्द सोयीचा आहे हे उघड आहे. पण थिएटरात माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, आणि कोणत्या क्षणी कोणती होते ते मला सांगता येत नाही.

वयाचा भाग तपासण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेत झाला. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या वयाच्या माणसांना १९३२ ते १९८६ या काळातली २८ लोकप्रिय गाणी ऐकवली. माणूस साधारण चोवीस वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती तीच त्याला सर्वांत अधिक आवडतात, असे त्यात दिसले. स्मरणशक्तीवर काम करणारेही सांगतात की उतारवयात माणसाला आयुष्याच्या इतर टप्प्यांपेक्षा दहाव्या ते तिसाव्या वर्षांतले अधिक आठवते. हे सूत्र मी घरी लावून पाहिले. अण्णांचा जन्म १९४७ चा. चोविसावे वर्ष १९७१. म्हणजे दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या'! अण्णांनी तो किती वेळा पाहिला याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही, आणि आज नातीसमोर त्यातला विनोद सांगताना ते मध्येच थांबून खोकतात. त्यांच्यापुरते सूत्र चपखल. माझा जन्म १९८३ चा. माझे चोविसावे वर्ष सरत असताना, जानेवारी २००८ मध्ये, उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' आला. तो मला फार आवडला, आजही आवडतो. पण ज्याच्या नावाने माझ्या अंगावर काटा येतो तो चित्रपट वळू नव्हे. तो 'झपाटलेला', १९९३ चा, आणि मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

तो मी दादाबरोबर पाहिला. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. नाशकात तेव्हा विजयानंद, सर्कल, मधुकर ही नावे पत्त्यासारखी वापरली जात. 'सर्कलजवळ भेट' म्हटले की पुरे. दादाने स्वतःच्या पैशांनी बाल्कनीची तिकिटे काढली, एवढेच मला त्या दिवसाचे मोठे वाटत होते. मग पडद्यावर बाहुला डोळे फिरवू लागला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला, दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला तात्या विंचू, आणि समोर घाबरून घाम गाळणारा लक्ष्मीकांत बेर्डे. मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेली, हे मला वीस वर्षांनी कळले, आणि कळून काही फरक पडला नाही. त्या रात्री मी बहिणीची बाहुली फडताळात कोंडून बाहेरून कडी घातली. दादाने मध्यरात्री उठून ती कडी काढली आणि बाहुली माझ्या उशाशी आणून ठेवली. पहाटे मी जी किंकाळी फोडली ती गल्लीने ऐकली. दादा पुढे कामानिमित्त लांब गेला आणि ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. असो.

'झपाटलेला २' आला ७ जून २०१३ ला. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून त्याचा भरपूर बोलबाला झाला. महेश कोठारे यांनी तात्या विंचूला परत आणले, पण लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजीच गेले होते. मी काळा चष्मा लावून बसलो आणि दहा मिनिटांत माझ्या लक्षात आले की मी चिडलो आहे. बाहुला तोच होता, पण त्याच्यासमोर घाबरणारा माणूस नव्हता. शेजारच्या रांगेत दहाबारा वर्षांची चार पोरे होती. बाहुला अंगावर आला की ती चष्म्यासकट मागे सरकत आणि एकमेकांवर आपटत. त्यांना लक्ष्याची अनुपस्थिती जाणवण्याचे कारणच नव्हते. पहिल्या भागाचे प्रेम मला दुसऱ्याकडे घेऊन गेले आणि त्याच प्रेमाने मला तो पाहू दिला नाही. मुलीच्या आरोपाचे हे नेमके उलटे टोक. जुनी ओळख आनंद वाढवते हे अर्धेच झाले. ती आनंदावर पहारा देते, हे उरलेले अर्धे.

वय आणि गाजावाजा वेगळे करून पाहायची एक संधी मला २०१५ ने दिली. त्या वर्षी हॉलिवुडच्या दोन जुन्या मालिका परत आल्या. जूनमध्ये 'जुरासिक वर्ल्ड', डिसेंबरात 'स्टार वॉर्स'चा सातवा भाग. जगभर दुसऱ्याचाच गाजावाजा मोठा. 'स्टार वॉर्स'चा पहिला भाग १९७७ चा, आणि अमेरिकेतले बाप आपल्या मुलांना घेऊन रांगा लावत असल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांतही येत होत्या. मी दोन्ही चित्रपट नाशकात पाहिले. 'जुरासिक'ला माझ्या वयाचे बाप खांद्यावर पोरे घेऊन आले होते. 'जुरासिक पार्क' १९९४ मध्ये हिंदीत भाषांतरित होऊन आपल्याकडे आला तेव्हा आम्ही सारे शाळेत होतो. 'स्टार वॉर्स'च्या खेळाला मात्र मी, दोन महाविद्यालयीन मुले आणि एसीच्या थंडाव्यासाठी आलेले एक जोडपे, एवढेच त्या दुपारी होतो असे आठवते. म्हातारा झालेला हॅरिसन फोर्ड पडद्यावर आला तेव्हा लंडन-न्यूयॉर्कमध्ये टाळ्या पडल्या असतील. आमच्याकडे पॉपकॉर्नचा आवाज आला. जाहिरात जगाची असते, बालपण मात्र गावाचेच असावे लागते.

मग मालेगाव. नाशिक जिल्ह्याच्या चित्रपटप्रेमाचा इतिहास लिहायचा तर मालेगाव टाळून चालणार नाही. १२ नोव्हेंबर २०२३, ऐन लक्ष्मीपूजनाचा दिवस. 'टायगर ३' त्याच दिवशी लागला होता, २०१२ मध्ये सुरू झालेल्या मालिकेचा तिसरा भाग. मोहन चित्रपटगृहात सलमान खान पडद्यावर येताच प्रेक्षकांतून फटाके आणि रॉकेट उडाले, लोक खुर्च्यांवरून पळाले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला. चित्रफीत देशभर फिरली आणि सलमान खानने स्वतः चाहत्यांना असे करू नका म्हणून विनवले. माणसे मेली नाहीत हे केवळ नशीब. बंद सभागृहात अशी आतषबाजी करणाऱ्यांचे कौतुक कोणी करू नये. पण ती का झाली, हे विचारायला हरकत नाही. आठवणींच्या सिद्धान्ताने याचे उत्तर मिळत नाही. चित्रफितीत नाचणारी बरीच पोरे विशीच्या आसपासची दिसतात, त्यांच्या लहानपणीचा सलमान तो टायगरच.

याच मालेगावात नासिर शेख यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. व्हिडिओ पार्लर चालवणारा हा माणूस, हाताशी व्हिडिओ कॅमेरा, नट म्हणून गावातले मित्र. पुढे फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत लागला. मूळ 'शोले' १९७५ चा. त्याचे विडंबन पंचवीस वर्षांनी पाहून यंत्रमागावरची जी पोरे लोळण घेत होती त्यांतल्या अनेकांचा १९७५ मध्ये जन्मही झाला नव्हता. पण विडंबन कळायला मूळ तोंडपाठ लागते, आणि ते त्यांचे होते. शुक्रवारी माग बंद, शुक्रवारी सिनेमा. व्हिडिओ पार्लरात तीच कॅसेट पुन्हा पुन्हा. आपल्याकडे याला शब्द आहे : पारायण. चोविसावे वर्ष वगैरे ठीक आहे, पण पारायण करणाऱ्याला त्या काळात जन्मलेले असण्याची गरज नसते. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा तेराव्या शतकासाठी व्याकूळ होत नाही.

हेच अलीकडे चित्रपटगृहांतही दिसले. सप्टेंबर २०२४ मध्ये, 'नवसाचा २' च्या आठवडाभर आधी, राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' पुन्हा लागला आणि २०१८ च्या मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक चालला. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सनम तेरी कसम'चेही तेच झाले. २०१६ मध्ये पडलेला चित्रपट नऊ वर्षांनी भरला. जे चित्रपट लोकांनी चित्रपटगृहात पाहिलेच नव्हते त्यांच्या आठवणीने लोक चित्रपटगृहात आले. ती आठवण मोबाइलवरच्या पारायणाची. लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले तेव्हा आमच्या घरी अण्णा १९८७ पाहत होते आणि नऊ वर्षांची मुलगी नवी मालिका पाहत होती. दोघे एकाच सतरंजीवर बसून, सारख्याच उत्सुकतेने. बाणाला बाण भिडून मध्येच ठिणग्या पडल्या की दोघेही माझ्याकडे बघत, मी हसतो आहे का ते तपासायला.

या सगळ्यानंतर मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी 'झपाटलेला' लावला. मुलीचा मूळ प्रश्न तपासायचा तर मूळ चित्रपट तिच्यासोबत पाहायला हवा, असे मला वाटले. तिला मी काही सांगितले नव्हते. चित्रपट सुरू झाला आणि पाच मिनिटांत लक्षात आले की ती प्रत्येक संवाद पात्राच्या आधी बोलते आहे. आजोळच्या सुट्टीत मामेभावंडांबरोबर टीव्हीवर तिने तो माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिला होता. तात्या विंचूची चित्रे ती मैत्रिणींना मोबाइलवर पाठवते, हेही त्या दिवशी कळले. मी दहा वर्षांचा होऊन पाहत होतो, ती सहा वर्षांची होऊन. माझ्या चित्रपटात दादा होता, तिच्या चित्रपटात आजोळचा कूलर आणि आंब्याच्या साली. बाहुला एकच.

मी तिला विचारले, "मग हा तुला आवडतो तो चांगला आहे म्हणून, की लहानपणी पाहिलास म्हणून?"

ती बराच वेळ गप्प राहिली. तेरा-चौदा वर्षांच्या माणसाला 'लहानपणी' हा शब्द स्वतःबद्दल ऐकायची सवय नसते. मग म्हणाली, "बाबा, 'नवसाचा' मी लहानपणी पाहिला नव्हता, एवढंच."

हे उत्तर माझ्या सगळ्या वाचनापेक्षा सरस होते, हे कबूल करतो. तरी माझे त्यावर पूर्ण समाधान नाही. 'स्टार वॉर्स'च्या रिकाम्या सभागृहाला ते लागू पडते, मालेगावच्या 'शोले'लाही पडते. पण 'गंगावतरणा'ला पडत नाही. त्या तिशीच्या प्रेक्षकाने लहानपणी फाळके पाहिले होते. माझा कयास असा की तोवर त्याच्या कानांनी 'अयोध्येचा राजा' ऐकला होता, तुकारामाचे अभंग ऐकले होते, आणि लहानपणीच्या मुक्या देवाची त्याला आता लाज वाटू लागली असावी. आठवण आवडण्याच्या आधी तिची लाज वाटण्याचा एक काळ येतो. अण्णांचे 'सोंगाड्या' सांगताना खोकणे मी त्यातच धरतो. फाळक्यांच्या वाट्याला नेमका तो काळ आला. आणखी तीस वर्षे जगते तर पुरस्कार त्यांच्या हातात पडला असता.

अण्णा त्या दिवशी आमच्याबरोबर शेवटपर्यंत बसले होते. अलीकडे त्यांचे विसरणे वाढले आहे. 'झपाटलेला' त्यांनी १९९३ मध्ये पाहायला नकार दिला होता, बाहुल्यांचे सिनेमे पोरांचे असे म्हणून. या वेळी मात्र ते टक लावून पाहत होते, आणि लक्ष्मीकांत बेर्डे घाबरून मागे सरकला की खुर्चीचा हात घट्ट धरत होते. संपल्यावर मुलीने त्यांना सांगितले की तिसरा भागही येणार आहे, महेश कोठाऱ्यांनी तसे जाहीर केले आहे, आणि आपण तिघे पहिल्याच दिवशी जाणार आहोत.

"जाऊ," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "त्यात लक्ष्या आहे ना?"